साडेपाचची गाडी

सोलापुरात घर असलेल्या माणसाला गावाकडच्या नातेवाइकांत एक पद आपोआप मिळतं. ते कोणी दिलेलं नसतं, त्यामुळे सोडताही येत नाही. आमची सगळी माणसं अक्कलकोटकडची. कोणाचा ताप चार दिवस उतरला नाही, कोणाचा गुडघा सुजला, की पिशवीत दोन भाकऱ्या आणि जुन्या चिठ्ठ्या घालून माणूस एसटीत बसतो आणि थेट माझ्या दारात येतो. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पण नात्यात त्यासाठी मला कोणी ओळखत नाही. मी दवाखान्याचा माणूस. कोणता डॉक्टर किती वाजता येतो, कोणत्या खिडकीशी गोड बोलायचं आणि कुठे आवाज चढवायचा, हे मला पाठ आहे. खरं सांगायचं तर त्याचा मला जरा तोराच होता.

माझं एक ठरलेलं वाक्यही होतं. ‘काही होत नाही, पाच मिनिटांचं काम आहे.’ दाढ काढायची असो, पाठीत सुई टोचायची असो, नाहीतर मशीनच्या बोगद्यात झोपायचं असो, पेशंट घाबरला की मी हे वाक्य काढायचो. त्यातलं एकही काम मी स्वतःवर करून घेतलेलं नव्हतं. बायको विचारायची, “तुम्हाला कसं माहीत, काही होत नाही ते?”

“इतकी वर्षं बघतोय की,” मी म्हणायचो. बघतोय म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर बसून.

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वैताग आणला तो अक्कानं. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथून कर्नाटकातली शेतं दिसतात अशा गावात तिला दिलेली. संडासवाटे रक्त जातंय हे तिनं पाच महिने लपवलं. मग एकदा सणाला आली तेव्हा बायकोजवळ बोलली, बायको माझ्याजवळ बोलली, आणि मी दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. पोट साफ करायची पावडर घेऊन ती गावी गेली, ठरल्या दिवशी परत आली, आणि दुर्बिणीनं मोठं आतडं तपासलं. आत मांसाचा एक कोंब सापडला, तो डॉक्टरांनी तिथल्या तिथे काढला. तपासणीला पाठवला तेव्हा रिपोर्ट आला की वाईट नाही, पण पुढे वाईट होऊ शकणारा आहे. एका वर्षानं पुन्हा दुर्बीण घालून बघायची, चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं.

वर्ष झालं आणि अक्का येईना.

आधी ज्वारी काढायची होती. मग म्हैस व्यायची होती. मग सून माहेरी गेली होती. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, आमच्या गड्ड्याला येते तेव्हा बघू म्हणाली. गड्ड्याला आली, एक चाळण विकत घेतली आणि मी दवाखान्यात नंबर लावायला गेलो तेवढ्यात दुपारच्या गाडीनं निघूनही गेली. त्यानंतर फोन उचलायचंच बंद केलं. उचलला तर “रेंज न्हाय” म्हणायची आणि पुढे अर्धा तास गावातल्या सगळ्या भानगडी नीट ऐकू येईल अशा सांगायची.

आमची घरची बोली कानडी, पण भांडण मात्र आम्ही मराठीत करतो. कानडीत भांडलं तर वरून अव्वा ऐकेल असं वाटतं. अव्वा म्हणजे आमची आई, जाऊन वीस वर्षं झाली. तर एकदा तिनं फोन उचलला, त्या दिवशी मी मराठीत चांगलाच सुटलो. म्हटलं, तू अडाणी ती अडाणीच राहिलीस. म्हटलं, तुझ्या हट्टापायी उद्या पोट फाडायची वेळ आली तर मला बोलवू नकोस. म्हटलं, काय एवढं वाघानं खाल्लं होतं तुला तिथं? पाच मिनिटांचं काम.

मग ती शांतपणे म्हणाली, “तुला बी करून घ्यायला सांगितलं हुतं की डॉक्टरनं. तू घेतलीस का?”

हे खरं होतं. बहिणीला असा कोंब निघाला तर भावानंही एकदा बघून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ते कानाआड केलं होतं. आता तिनं नेमकं तेच काढल्यावर माझं डोकंच फिरलं. “घेतो,” मी म्हणालो. “याच आठवड्यात घेतो. आणि तुझ्यासारखीच, गुंगीबिंगी न घेता. त्यानंतर तुझं एकही कारण ऐकणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “कर की. मग मी बी येते.”

इथे गुंगीबद्दल सांगायला हवं. अक्काच्या वेळी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, झोपेचं इंजेक्शन द्यायचं का. दिलं तर कळत नाही, आरामात होतं. पण इंजेक्शन देणारे भूलतज्ज्ञ त्या दिवशी चारनंतर येणार होते. म्हणजे तपासणीला पाच वाजणार, गुंगी उतरायला सात. अक्काच्या गावाला जाणारी शेवटची गाडी साडेपाचची. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, “तशीच करा डॉक्टर. काटक आहे ती. तीन बाळंतपणं घरात झालीत, हूं की चूं केलं नाही.” अक्का शेजारच्या स्टुलावर मांडीवर पिशवी धरून बसली होती. तिला मी विचारलं नाही, डॉक्टरांनीही विचारलं नाही. फॉर्मवर तिनं सही केली, खाली नातेवाईक म्हणून मी केली.

मी दाराशी उभा होतो. चाळीस मिनिटं आतून एक आवाज आला नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण दोन दिवसांची उपाशी बाई, तेवढं चालायचंच असं मला वाटलं. उजव्या हातातली दोन काकणं फुटलेली होती. आमच्यात काकण फुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. मी चेष्टा केली, “काय अक्का, आत कुस्ती केलीस का?” ती म्हणाली, “पलंगाला आपटला हात.” दुखलं का म्हणून विचारलं तर म्हणाली, “काय न्हाय झालं.” स्टँडवर मी तिला नवी काकणं भरली आणि साडेपाचच्या गाडीत खिडकीशी जागा धरून दिली. घरी येऊन बायकोला सांगितलं, बघ, पाच मिनिटांचं काम.

आता माझी पाळी आली. तपासणीच्या तीन दिवस आधीपासून बियांचं, टरफलाचं, चोथ्याचं काही खायचं नाही. म्हणजे शेंगाचटणी नाही, भाकरी नाही, पालेभाजी नाही. सोलापूरच्या माणसाच्या ताटातून एवढं काढलं की पांढरा भात आणि ताक उरतं. जगात एवढं बेचव खाणारी माणसं असतील का, असा मला तिसऱ्या दिवशी प्रश्न पडला होता. शेवटच्या दिवशी तेही बंद. नुसतं पाणी, गाळलेली ताकाची निवळ आणि दवाखान्यानं दिलेली पावडर. ती दोन लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्यायची. चव लिंबाच्या सरबतात कोणी मिठाचा डबा उपडा केल्यासारखी. पहाटेपासून मी संडास आणि पलंग एवढ्याच रस्त्यावर होतो. बायको दाराबाहेरून म्हणाली, “अक्कांनी हे गावात, परसाकडं जाऊन कसं केलं असेल हो?” मी तिला ओरडलो, गप बस म्हणालो. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि माझ्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं.

दवाखान्यातल्या सिस्टर मला चांगल्या ओळखतात. म्हणाल्या, “सर, आज पेशंट कुठंय?”

“मीच,” मी म्हणालो. त्यांना हसू आलं, मला आलं नाही. मागून उघडा असलेला तो हिरवा झगा घालून, पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपलं की माणसाचा सगळा तोरा झग्याच्या नाड्यांबरोबर सुटतो. हाताला सलाईनची सुई लावली. डॉक्टर आले, म्हणाले, “भूलतज्ज्ञ आज सकाळीच आलेत. थोडी गुंगी देऊ ना?”

“नको. बहिणीनं तशीच केली होती.”

“बहिणीचं सोडा, सर. प्रत्येकाचं आतडं वेगळं असतं. कोणाला काहीच वाटत नाही, कोणाला फार होतं.”

बायको दारात उभी होती. “घ्या की हो,” ती म्हणाली. “कोण बघायला आलंय?”

मी नाही म्हणालो. फोन मी तिच्याकडे देऊन ठेवला होता. बाहेर आल्या आल्या अक्काला लावायचा आणि काय बोलायचं तेही ठरलं होतं. माझं ते वाक्य.

पहिली दोन-तीन मिनिटं खरंच काही विशेष नव्हतं. लाज होती, थंडगार काहीतरी होतं, आणि संडासला लागल्याची भावना होती. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी हिनं वर्ष घालवलं. समोर पडद्यावर माझं आतडं दिसत होतं, गुलाबी, ओलं, बोगद्यासारखं. डॉक्टर सांगत होते, आता हवा भरतोय, म्हणजे नीट दिसेल. मग नळी पहिल्या वळणावर आली.

ते दुखणं मला नीट सांगता येणार नाही, पण सांगायला हवं, कारण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मी तर सगळ्यांना उलटंच सांगत होतो. कापल्यासारखं, भाजल्यासारखं ते नसतं. आतून कोणीतरी पोट मुठीत धरून पिळतं आणि पीळ सोडतच नाही. श्वास घ्यावा तर हवेनं पोट आणखी ताणतं. हलायचं नाही. “जरा सहन करा, सर, वळण आहे,” डॉक्टर म्हणाले. सिस्टरनी पोट बाहेरून दाबून धरलं, त्यानं नळी पुढे सरकते म्हणे. मला घाम फुटला. मी पृथ्वीवरची वाळवंटं आठवायला लागलो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. सहारापुढे जाता आलं नाही. कोणीतरी “अव्वा” म्हणून ओरडलं आणि तो मीच होतो. पस्तीस वर्षं मी शहरात मराठी बोलतोय, वर्गात अशुद्ध बोलणाऱ्या पोरांचे कान पिळलेत, आणि माझ्या तोंडून आलं ते हे.

तेव्हा मला कळलं की माझा उजवा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आहे. मी कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती, आणि प्रत्येक कळेसरशी मनगट त्याच्यावर आपटत होतं. अक्का याच पलंगावर, याच कुशीवर झोपली होती. याच हातात तिची काकणं होती.

“थांबवा,” मी म्हणालो. “डॉक्टर, थांबवा. सुई द्या.”

डॉक्टरांनी लगेच हात थांबवला, हवा काढून घेतली. रागावले नाहीत, टोमणाही मारला नाही. भूलतज्ज्ञांना बोलवायला कोणीतरी गेलं. त्या दोन मिनिटांत सिस्टर माझं कपाळ पुसत होत्या. मी त्यांना विचारलं, “दोन वर्षांपूर्वी माझी बहीण आली होती. ती ओरडली होती का?”

“त्या?” सिस्टर म्हणाल्या. “नाही हो सर, अजिबात नाही. मला लक्षात आहेत त्या. पदर दातात धरला होता. मी म्हटलं, मावशी, दुखत असेल तर सांगा, थांबवू. तर मलाच विचारतात, बाहेर आवाज जातो का. म्हटलं, जातो थोडा. म्हणाल्या, भाऊ उभा आहे दाराशी.”

मग कोणीतरी सलाईनच्या नळीत काहीतरी सोडलं. हात गार पडला. मला आणखी काही विचारायचं होतं, पण पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी दुसऱ्याच खोलीत होतो, बायको पायाशी बसली होती, आणि सगळं संपलं होतं. इतकं सोपं होतं ते. तपासणी झाली, आत काही नाही, सगळं स्वच्छ आहे, पाच वर्षांनी या, असं डॉक्टर सांगून गेल्याचं बायकोनं मला दोनदा सांगितलं. चहा आणि दोन बिस्किटं मिळाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. डॉक्टरांवर काढावा तर त्यांनी अक्काच्या वेळीही मला विचारलं होतं, आजही विचारलं. अक्कावर काढावा तर वर्षभर तेच करत होतो. राहता राहिलो मी.

घरी आल्यावर दुपारी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. ती वाट बघत होती हे उघड होतं.

“झालं का?” तिनं विचारलं. मग कानडीत, अव्वा विचारायची तसं, “दुखलं का रं, तम्मा?” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला असं हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलंय.

ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय होती, ते आपोआपच येतं. तेवढं बोललो असतो तर ती आली असती, कारण तिनं शब्द दिला होता. तशीच पलंगावर झोपली असती आणि तसाच पदर दातात धरला असता.

“लई दुखलं,” मी म्हणालो. “मला सहन झालं नाही. अर्ध्यात थांबवायला सांगितलं आणि सुई घेतली. त्यानंतर काही कळलं नाही.”

पलीकडे म्हैस रेकली. कोणीतरी पाण्याची घागर ठेवली. मला वाटलं, आता ती हसेल. मी हसलो असतो.

“सुई घेतली की कळत न्हाय?” तिनं विचारलं.

“नाही कळत.”

“मग मला का न्हाय दिलीस?”

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हशीला चारा का नाही टाकलास, असं विचारावं तसं विचारलं. मी म्हणालो, “तुझी गाडी चुकली असती अक्का. साडेपाचची.”

“चुकली असती तर ऱ्हायले असते की तुज्या घरी.”

याचं उत्तर होतं, पण ते मी दोन वर्षं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सहा वाजता शाळेत बैठक होती. माझ्या निवृत्तीच्या सत्काराची. शाल कोणती, हार किती, कोण कोण बोलणार, हे ठरायचं होतं, आणि माझ्यासमोर ठरावं अशी माझी इच्छा होती. अक्काला गुंगी दिली असती तर सातपर्यंत दवाखान्यात बसावं लागलं असतं. मी घड्याळ बघितलं होतं ते तिच्या गाडीसाठी नव्हे. मी तिला हे फोनवर सांगितलं. सगळं सांगितलं, बैठकीचंही. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

फोन कट झाला असं वाटून मी दोनदा अक्का, अक्का म्हणालो.

“चांगली हुती शाल,” ती शेवटी म्हणाली. मग म्हणाली, “मंगळवारी येते.”

मी घाईघाईनं सांगायला लागलो की या वेळी मी स्वतः डॉक्टरांशी बोलीन, चारनंतरचीच वेळ घेईन, भूलतज्ज्ञ असल्याशिवाय आत जाऊ देणार नाही, दोन दिवस राहायच्या तयारीनं ये, बायकोनं खोली आवरून ठेवलीय.

“ते सगळं कर,” ती म्हणाली. “पन एक कर. या खेपेला तू दाराशी उबा राहू नकोस.”

“का गं?”

“सुईचा भरवसा न्हाय मला. लागली न्हाय लागली, कुनाला ठाव. तू खाली चा प्यायला जा. मला ओरडायचं झालं तर ओरडता आलं पायजे.”

मी बरं म्हणालो. मंगळवारची, दुपारी साडेचारची वेळ मिळाली आहे. दवाखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे. तिथून दुसऱ्या मजल्यावरच्या तपासणीच्या खोलीची खिडकी दिसते, पण आवाज येत नाही. मी काल जाऊन बघून आलो.